शेळीने खाल्लेली जाहीर नोटीस

शेळी कागद खाते, यात नवल काही नाही. पण आमच्या तालुक्याच्या गावी एका शेळीनं सरकारी नोटीस खाल्ली, आणि त्या नोटिशीत काय लिहिलं होतं एवढं जाणून घ्यायला मला पुरे सव्वीस दिवस, एक धोतर आणि पंधरा वर्षांच्या मास्तरकीत जमवलेली अब्रू खर्ची घालावी लागली. गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं आहे, आणि सेलूहून निघालेली मोटार जिथे हमखास बंद पडते त्याच्या जरा अलीकडे आहे, इतकं पुरे. ही हकीगत मी आजवर पुष्कळांना सांगितली आणि दर वेळी ती थोडी वाढली, हे कबूल करतो. तरी वाचकांनी एक ध्यानात ठेवावं. यातलं जे अशक्य वाटेल ते घडलेलं आहे. भर घातली असेल तर ती शक्य वाटणाऱ्या भागात.

साल सत्तावन्न. आदल्या वर्षी आम्ही हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात गेलो होतो. म्हणजे आम्ही होतो तिथेच होतो, कचेरीतले कागद तेवढे बदलले होते. जुनं दफ्तर उर्दूत, नवे हुकूम मराठीत, आणि वरून येणारी पत्रं इंग्रजीत. त्यामुळे तिन्ही भाषांत 'उद्या या' कसं म्हणतात ते गावातल्या लहान पोरालाही ठाऊक झालं होतं.

एके दिवशी सकाळी मी दात घासत असताना भिवराबाई आली. ही धनगराची बाई आमच्याकडे शेळीचं दूध घालायची. ओढ्याकाठच्या माळावर काट्याकुपाट्यांचं कुंपण घालून केलेलं तिचं वाडगं होतं, त्यात सत्तावीस शेळ्या. सासऱ्याच्या वेळेपासून तिथेच. त्या दिवशी तिनं दुधाच्या आधी एक कागदाचा तुकडा पुढे केला.

"मास्तर, हे जरा वाचून दावा."

तुकडा तळहाताएवढा. एका कडेला दातांची नक्षी.

"बाकीचा कागद कुठं आहे?"

"चांदीच्या पोटात."

चांदी ही तिची थोरली शेळी. कचेरीचा शिपाई मुंजाजी नोटिसा चावडीच्या भिंतीवर ज्वारीच्या पिठाच्या खळीनं डकवायचा, आणि खळ नासू नये म्हणून तिच्यात मूठभर मीठ घालायचा. शेळीला यापेक्षा सुग्रास काय पाहिजे! गावातल्या शेळ्या मुंजाजीची वाट जावयासारखी बघत असत.

मी तुकडा उजेडात धरला. '...स. नं. ४१... हरकत असल्यास तीस दिवसांचे आत कळवावी. न कळविल्यास कोणाचीही हरकत नाही असे समजण्यात येईल.'

"एकेचाळीस नंबर म्हंजी आमचा माळ की वो," भिवराबाई म्हणाली. ती एकदम ओट्यावर बसली. "त्याचं काय करायलेत?"

"ते वरच्या भागात असणार. नोटीस लागली कधी?"

"परवा दिस मावळता लावली. काल दिस उगवायला खाल्ली."

"मग अठ्ठावीस दिवस आहेत. काही घाबरू नका. सरकारची नोटीस जाहीर असते. मी जातो आणि तासाभरात सांगतो."

आतून आमच्या सौभाग्यवतींचा, म्हणजे पद्मजाबाईंचा, आवाज आला. "तास आजचा धरायचा का कुठला?"

मी लक्ष दिलं नाही. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवायचो. लोकशाहीत लोक मालक आणि सरकार त्यांचं चाकर, हे वाक्य मी दरसाल फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेत असे. मालकानं चाकराला एक कागद विचारायचा, त्याला तास तरी कशाला?

कचेरीत हेडक्लार्क दिनकरराव होते. विलीनीकरणानंतर पुण्याकडून बदलून आलेले, सज्जन, आणि नियमांवर असा जीव की रेषा मारल्याशिवाय पानसुद्धा खात नसत.

"नोटीस ना? चावडीवर लावलेली आहे," ते म्हणाले.

"ती शेळीनं खाल्ली."

"ते आमच्या दफ्तरी नाही. आमच्या दफ्तरी नोटीस लावली असं आहे. म्हणजे लोकांनी वाचली असं आहे. म्हणजे तुम्ही वाचली असं आहे. वाचलेली गोष्ट तुम्हाला परत कशाला हवी?"

हे तर्कशास्त्र इतकं गुळगुळीत होतं की माझी बोटं त्यावरून घसरली. मी म्हणालो, "दुसरी प्रत असेलच की."

"आहे ना. कचेरीच्या फलकावर आहे. नियमानं दोन ठिकाणी लावावी लागते."

"फलक कुठं आहे?"

"पूर्वी व्हरांड्यात होता. तिथेही शेळ्या येत. म्हणून सुरक्षित जागी हलवला. मुहाफिजखान्यात."

मुहाफिजखाना म्हणजे जुन्या दफ्तराची खोली. तिला कुलूप. किल्ली मुंजाजीच्या करगोट्याला. आणि दारावर पाटी: 'सरकारी नोकरांखेरीज कोणास आत येण्याची परवानगी नाही.' एकूण जाहीर नोटीस अशा ठिकाणी जाहीर होती की ती वाचायला आधी सरकारी नोकरी मिळवावी लागे.

"मी फक्त उंबऱ्यावरून वाचतो," मी म्हणालो.

"उंबऱ्यावरून वाचण्याची तरतूद नाही. नक्कल मागा. अर्ज करा."

मी तिथल्या तिथे अर्ज लिहिला. दिनकररावांनी एक मोठं रजिस्टर उघडलं. "नोटिशीचा जावक क्रमांक व तारीख?"

"तो नोटिशीवर असेल."

"बरोबर. तो लिहिल्याशिवाय अर्ज घेता येत नाही."

"आणि नोटीस बघितल्याशिवाय तो लिहिता येत नाही."

"आता तुमच्या लक्षात आलं," ते प्रेमानं म्हणाले, जणू मीच त्यांचा विद्यार्थी. मग त्यांनी पुढच्या रकान्यावर बोट ठेवलं. "अर्जदाराचा संबंध. मालक, वारस, कूळ की वकील?"

"नागरिक."

दिनकररावांनी रकाने वरून खाली वाचले, मग खालून वर. शेवटी चष्मा काढून म्हणाले, "नागरिक असा रकाना नाही हो."

त्या दिवशी घरी आलो तेव्हा तास होऊन पाच तास झाले होते. भिवराबाई ओट्यावरच होती.

"काय लिवलंय?"

"उद्या सांगतो," मी म्हणालो, आणि कचेरीतला शब्द आपल्या तोंडून कसा सहज निघाला याचं मला वाईट वाटलं.

हे गावात पसरायला वेळ लागला नाही. आमचे शेजारी माधवराव हे एका वकिलाचे मुन्शी. त्यांना कायद्याचं वकिलापेक्षा जास्त कळतं असं ते स्वतः सांगत, आणि वकीलही सांगे, पण हसून. ते संध्याकाळी येऊन बसले.

"मास्तर, तुम्ही विनंती केलीत ना? तिथेच चुकलात. विनंती केली की कचेरी फुगते. 'येणेप्रमाणे कळविण्यात येते की' असं लिहायचं. म्हणजे त्यांना वाटतं हुकूम आला."

मी तसं लिहिलं. चौथ्या दिवशी अर्ज परत आला. वर शेरा: 'कळले.'

दुसरा अर्ज भिवराबाईच्या नावानं, अंगठा लावून. शेरा: 'अर्जदाराने नोटिशीशी असलेला संबंध सिद्ध करावा.' आता खाणाऱ्या शेळीची मालकीण, याहून जवळचा संबंध जगात कोणाचा असेल? तिसरा अर्ज माधवरावांनी उर्दूत लिहून दिला, कारण दफ्तराची खोली उर्दू, तर तिच्यातल्या वस्तूही उर्दूच समजाव्यात असा त्यांचा कयास. तो मराठी भाषांतरासाठी परभणीला गेला. माझ्या माहितीप्रमाणे अजून तिथेच आहे.

दरम्यान गावानं नोटीस न वाचताच समजून घेतली. कागद लपवलेला आहे, म्हणजे गोष्ट मोठी आहे, हे उघडच होतं. पहिल्या आठवड्यात माळावर दवाखाना होणार असं ठरलं. दुसऱ्या आठवड्यात सिनेमा. मग कोणीतरी एका माणसाला तीन पायांच्या दुर्बिणीतून माळाकडे बघताना पाहिलं, आणि माधवरावांनी आवाज खाली आणून मला सांगितलं, "विमानतळ. मुंबई राज्यात गेलोय आपण. मुंबईहून लोक येणार कशानं?"

येडबा चहावाल्यानं हे ऐकलं आणि बाजारातलं आपलं दुकान उचलून माळावर नेलं. विमानातून उतरलेल्या माणसाला आधी चहा लागणार, हा त्याचा हिशेब. पहिल्या दिवशी त्याच्याकडे गिऱ्हाईक म्हणून सत्तावीस शेळ्या आल्या. एका शहाण्यानं माळालगतची आपली बाभळीची रांग तोडली, विमानाला अडू नये म्हणून. त्यानं लाकूड विकलं की फुकट घालवलं ते मला माहीत नाही, पण बाभळी तोडल्या हे खरं. मी ते खुंट पाहिले आहेत.

भिवराबाईला मात्र विमानाचं काही नव्हतं. ती रोज दूध घालायची आणि एकच विचारायची.

"मास्तर, आज तरी कळलं का? दिस जायलेत. पाऊस तोंडावर आला. वाडगं मोडायचं असंल तर शेळ्या न्यायच्या कुटं, ते तरी बगाव लागंल मला. ताडकळसला भाऊ हाय, पर त्याला सवताच्याच धा शेळ्या जड झाल्यात."

"प्रयत्न चालू आहे."

"तुमचा परयत्न लय चांगला हाय," ती म्हणाली, "पर दूध पातळ लागतंय का घट, ते पिल्याबिगर कळत न्हाई. कागुद बगाया पाहिजे."

तो टोमणा मला लागला. नोटीस लागल्यापासून चोविसाव्या दिवशी मी निश्चय केला. मुहाफिजखान्याला मागच्या बाजूनं एक खिडकी होती, दोन पुरुष उंचीवर. शाळेत घड्याळाला किल्ली देण्यासाठी एक शिडी असे. दुपारी कचेरी जेवायला गेली की पाच मिनिटांत खिडकीतून वाचून खाली उतरायचं, इतकी साधी योजना. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हा मार्ग नाही, पण पुस्तक लिहिणाऱ्याला आमची कचेरी माहीत नव्हती.

शिडी लावली, चढलो, गजांतून डोकं घातलं. आत अंधार आणि धूळ. डोळे सरावले तेव्हा फलक दिसला. फलकाचं तोंड भिंतीकडे होतं.

हे बघून मला जो धक्का बसला त्यानं शिडी सरकली. शिडी खाली गेली, मी वर राहिलो. धोतराचा सोगा खिडकीच्या खिळ्यात आणि दोन्ही हात गजांना, अशा अवस्थेत मी भिंतीवर एखाद्या नोटिशीसारखा डकलो. खाली माणसं जमायला लागली. माझ्या वर्गातली सातवी इयत्ता झाडून हजर होती.

मुंजाजी जेवण टाकून आला. "मास्तर! तुमी? आवो दार कामून न्हाई वाजवलं?"

"वाजवलं असतं तर उघडलं असतं का?"

त्यानं क्षणभर विचार केला. "न्हाई," तो प्रामाणिकपणे म्हणाला, आणि मला उतरवलं. धोतराचा एक तुकडा वरच राहिला. तो पुढे मुद्देमाल म्हणून नोंदला गेला.

दिनकररावांना दुःख झालं, पण त्यांच्या डोळ्यांत एक चमकही होती. त्या कचेरीत बदलून आल्यापासून त्यांना पहिल्यांदाच सगळे रकाने भरता येणार होते. 'आरोपी' असा रकाना होता. 'गुन्ह्याचे ठिकाण' असाही होता. त्यांनी पाच पंच बोलावले, मुहाफिजखाना उघडला, आणि माझ्याकडून काही चोरीला गेलं नाही हे ठरवण्यासाठी आतल्या एकूण एक वस्तूचा पंचनामा केला. मग मला खुर्चीवर बसवून, पाणी देऊन, तो मोठ्यानं वाचून दाखवला.

"कपाटे तीन, पैकी उघडणारे एक. बस्ते दोनशे चौदा. घड्याळ एक, बंद. पाल एक, मयत. फलक एक, धूळ बसू नये म्हणून तोंड भिंतीकडे केलेला, त्यावर नोटीस एक. वाचून दाखवला, बरोबर आहे. सही करा."

पद्मजाबाईंनी घरी आल्यावर माझ्या गुडघ्याला हळद लावली. वर म्हणाल्या, "मुख्याध्यापकांचा निरोप आलाय. शिडी कुठल्या विषयासाठी वापरली ते लेखी द्या म्हणतात."

मी ओट्यावर बसून करवादलो. "बावीस दिवस सभ्यपणानं विचारलं तर एक अक्षर सांगितलं नाही. आणि आज आरोपी झालो तर मेलेल्या पालीपर्यंत सगळं वाचून दाखवलं!"

भिवराबाई दूध मापत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजी गुन्हा केला की वाचून दावत्यात?"

"मग! नियमच आहे. जे गेलं, जे मोडलं, त्याचं पूर्ण वर्णन लिहायचं आणि पंचांपुढे वाचायचं."

"आन् आमच्या चांदीनं खाल्ला त्यो सरकारी कागुदच हुता ना?"

"होता की," मी म्हणालो.

"मंग आमचा गुन्हा झालाच हाय की, मास्तर," ती म्हणाली. "कुनी लिवून घेतला न्हाई, एवडंच."

दुसऱ्या दिवशी सकाळी भिवराबाईनं कचेरीत जाऊन स्वतःच्या शेळीविरुद्ध तक्रार दिली. मी अर्ज लिहिला, तिनं अंगठा लावला. या अर्जाला जावक क्रमांक लागला नाही. संबंध सिद्ध करावा लागला नाही. दिनकररावांनी पाणी मागवून तिला बसायला सांगितलं. गुन्हेगार स्वतःहून कबुलीजबाबासह येतो, असा योग त्यांच्या नोकरीत आला नव्हता.

"नष्ट झालेला माल काय?" त्यांनी दौत जवळ ओढत विचारलं.

"कागुद," ती म्हणाली. "काय लिवलं हुतं ते मला म्हाईत न्हाई. तुमालाच लिवाव लागंल."

"अर्थात, अर्थात. पूर्ण मजकूर येईल. दुसऱ्या प्रतीवरून उतरून घेऊ."

पंचनामा अठ्ठाविसाव्या दिवशी, चावडीपुढे. बाजाराचा दिवस, त्यामुळे गाव लोटलं होतं. पंचांत माधवराव आणि येडबा चहावाला होते. आरोपी चांदी खांबाला बांधली होती आणि आदल्या खळीचे डाग चाटत होती, हे तिच्या बाजूनं फारसं बरं दिसत नव्हतं. मुंजाजीनं फलक डोक्यावर घेऊन मिरवत आणला. वर्षभरानं त्याला ऊन लागत होतं.

दिनकररावांनी घसा साफ केला.

"सदर शेळीने खाल्लेल्या नोटिशीचा मजकूर येणेप्रमाणे. सर्व लोकांस कळविण्यात येते की, गावातील मोकाट शेळ्या सरकारी नोटिसा खातात, त्यामुळे लोकांस सरकारी माहिती मिळण्यास अडचण होते. सबब लोकांच्या सोयीसाठी ओढ्याकाठची स. नं. ४१ ही जागा मोकळी करून तेथे मोकाट शेळ्यांसाठी कोंडवाडा बांधण्याचे योजिले आहे. हरकत असल्यास..."

चावडीपुढे एवढी शांतता झाली की चांदीचं रवंथ ऐकू आलं.

"म्हंजी इमान न्हाई?" येडबा हळूच म्हणाला.

भिवराबाई पुढे आली. तिचा पदर खोचलेला होता. "माजी हरकत हाय."

"बाई, मध्ये बोलू नका. पंचनामा चालू आहे."

"त्यातच लिवा. चाळीस वर्सं आमचं वाडगं तितं हाय. सासऱ्यानं कुंपन घातलं, मी दर साली काटे बदलायली. माज्या शेळ्या कोंडायला माजंच वाडगं मोडताव? हरकत हाय. दोन दिस बाकी हायेत, मी मोजलेत."

"हरकत वेगळ्या अर्जानं द्यावी लागते. त्याचा छापील नमुना असतो."

"त्यो कुटं मिळतो?"

दिनकरराव किंचित अडखळले. "मुहाफिजखान्यात."

सगळा बाजार हसला. आणि इथे, मला मान्य केलंच पाहिजे, माधवरावांनी आयुष्यातला पहिला उपयोगी सल्ला दिला. ते पंच म्हणून उठून उभे राहिले.

"दिनकरराव, पंचांसमोर जे घडलं ते सगळं पंचनाम्यात आलं पाहिजे. ही बाई आमच्यासमोर हरकत बोलली. ते लिहिल्याशिवाय मी सही करणार नाही."

"मी बी न्हाई," येडबा म्हणाला. त्याचा राग वेगळ्या कारणाचा होता, पण सही तीच होती.

उरलेल्या तिघांनीही दौत मागे सारली. दिनकररावांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. ते कागदाकडे बघत होते. त्या माणसाशी मी कधी खोटं बोललो नाही आणि त्याच्याबद्दलही बोलणार नाही: नियम आपल्या विरुद्ध गेला तरी तो नियमच आहे, हे मानणारा तो मनुष्य होता. त्यांनी खाली वाकून लिहिलं, 'आरोपीच्या मालकिणीने मुदतीत हरकत घेतली', आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. भिवराबाईनं अंगठा असा दाबून लावला की शाई पलीकडच्या पानावर उतरली.

हरकत मुदतीत होती, पाच पंचांची साक्ष होती, तहसीलदारांना ती घ्यावी लागली. महिन्याभरानं निकाल झाला. एकेचाळीस नंबर सोडून कोंडवाडा कचेरीच्या मागच्या आवारात करावा. चांदीकडून यापुढे सरकारी कागद खाणार नाही असा मुचलका, म्हणजे चांगल्या वर्तणुकीचा बाँड, लिहून घेण्यात आला. अंगठा मालकिणीचा चालला. माझं धोतर मला परत मिळालं नाही, ते अजून मुद्देमालात आहे. येडबा पुन्हा बाजारात आला आणि बरेच दिवस मला चहा थंड देत असे.

फलक मुहाफिजखान्यात परत गेला. नोटिसा पुन्हा चावडीवर लागू लागल्या, आणि अर्ध्या गावाला वाचता येत नव्हतं ते तसंच राहिलं. फक्त एक गोष्ट नवी सुरू झाली. बाजाराच्या दिवशी भिवराबाई दूध घालून झालं की कचेरीच्या पायरीवर जाऊन बसायची. पाच-पंचवीस बाया-बाप्ये तिच्या मागे बसत. दिनकरराव आतून बघून न बघितल्यासारखं करत. मग ती दारातून आत डोकावून, अगदी अदबीनं विचारायची:

"रावसाब, ह्या आठवड्याचे कागुद वाचून दावता, का खाल्ले म्हनून लिवून देऊ?"

दिनकरराव चष्मा चढवून बाहेर येत आणि पहिल्या कागदापासून वाचायला लागत.